मारिसेलच्या घरी आई

२००१ साली मी अमेरिकेला निघाले, तेव्हा मिरज स्टेशनवर आई मला सोडायला थेट ड्यूटीवरून आली. अंगावर दवाखान्यातल्या आयांची निळी साडी. मी दबक्या आवाजात म्हटलं, "बदलून यायचंस ना." ती म्हणाली, "लाजायचं काय त्यात? चोरी केलीय का? ताठ मानेनं जा की." आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, ती त्या साडीच्या जिवावर.

मिशिगनमध्ये, ट्रॉयच्या अपार्टमेंटमध्ये, शेजारीण मिळाली मारिसेल. फिलिपिन्सची. वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना अंघोळ घालायची. पहिल्याच भेटीत तिनं सांगून टाकलं की तिच्या आईनं हाँगकाँगला अठरा वर्षं लोकांची घरं पुसली. आवाज जराही खाली नाही. "आमचं सरकार परदेशात राबणाऱ्यांना वीर म्हणतं," ती हसायची. "विमानतळावर वीर. गावात काम मागायला गेलं की कोण विचारतो? तिकडे भाऊ मला 'अमेरिकन' म्हणून टोमणे मारतात, इथे लोक विचारतात, चायनीज का? पण माझ्या देशाला नावं ठेवायची तर मी ठेवीन. दुसऱ्यानं ठेवून बघावीत!"

तिच्यापाशी मीही बोलून गेले, माझी आई आया आहे. ट्रॉयमध्ये बाकीच्यांना, आई हॉस्पिटलात असते, एवढंच ठाऊक होतं.

मग आमचा, तिथल्या मराठी मंडळींचा, दिवाळीचा पॉटलक; ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणायचा. मारिसेल मोठा ट्रे भरून नूडल्स घेऊन आली. पुण्याचा समीर तिच्यादेखत, तिला कळेल अशा इंग्रजीत म्हणाला, "फिलिपिन्सचा मेन एक्स्पोर्ट काय, यार? मोलकरणी!" सगळे हसले. मीही हसले.

मारिसेलनं प्लेट खाली ठेवली. "बरोबर. माझी आई त्यातलीच. म्हणून मी इथे उभी आहे." आणि माझ्याकडे बघत थांबली.

नागपूरच्या सुलभाकाकूंनी सहज विचारलं, "तुझी आई पण हॉस्पिटलात असते ना गं?"

"ॲडमिनिस्ट्रेशनला," मी म्हटलं, आणि पेपर प्लेट्स आणायला आत गेले.

मारिसेल न जेवता गेली. तिचा ट्रे आम्ही चाटूनपुसून संपवला.

२००७ साली आई रिटायर होऊन तीन महिने राहायला आली. "ताई, तुम्ही ॲडमिनिस्ट्रेशनला होता म्हणे?" सुलभाकाकूंनी विचारलं. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं. "हो," म्हणाली, आणि खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मारिसेल माझ्याशी कामापुरतंच बोलायची. आईला मात्र तिनं दुसऱ्याच दिवशी आत बोलावलं. मग आई रोज तिकडेच. एकदा बोलवायला गेले, तर दोघी पलंगावर चादर घालत होत्या, वॉर्डात घालतात तशी, कोपरे दुमडून, ताणून. आई खणखणीत मराठीत शिकवत होती, "सुरकुती ठेवू नको बाई, म्हाताऱ्याची पाठ सोलते." मारिसेल मराठीचं अक्षर न कळता मान डोलावत होती. दोघी हसत होत्या.

"आई, घरी चल."

"थांब की जरा. इथं मी कोण होते ते लपवावं लागत नाही."

मिरजेहून तुम्ही मैत्रिणी फोनवर विचारता, आता तुझं घर कुठलं गं? माझं मला सांगता येत नाही. आईचं अमेरिकेतलं घर ठाऊक आहे. ते माझ्या शेजारी होतं.