देवाचा उजवा हात

आमच्या ऑफिसात जुने मूकपट दुरुस्त होतात. पडद्यावर कुणी बोलत नाही, त्यामुळे दिवसभर आम्हीच बोलतो आणि किस्से साठत जातात. त्यातले निम्मे आता एकट्या माधवरावांचे आहेत. मूकपटांतले नट, आणि जन्मभर फक्त देवाच्या भूमिका!

*

त्यांचे नातू अविनाशराव विश्रांतवाडीला राहतात. फिल्मचा डबा आणायला मी त्यांच्या घरी गेले. देवघरात मुकुट घातलेल्या देवाचा फोटो होता, उजवा हात आशीर्वादाला वर. मी मनोभावे नमस्कार केला.

"कुठला देव हो हा?"

"देव कसला, आमचे आजोबा! आजी शेवटपर्यंत रोज फूल वाहायची."

मी चाटच पडले. ऑफिसात येऊन सांगितलं तर काळे सर, म्हणजे आमचे साहेब, म्हणाले, "असू दे. ड्रेस तर देवाचाच होता ना!"

*

डब्यातली फिल्म लावली. सिंहासनावर देव, पायाशी भक्त. कॅमेरा चालू आहे हे विसरून देवाने कमरेची बिडी काढली आणि पेटवली!

"सर, हे कापायचं का?"

"कशाला? देवालाही ब्रेक लागतो."

*

किस्से सांगण्यात अविनाशराव वस्ताद. एकदा माधवराव बुधवार पेठेतल्या खाणावळीत मटण खायला गेले, तर मालक पायाच पडला. "देवाला मटण वाढू? नरकात जाईन मी!" बिचारे वरणभात खाऊन उठले.

"मग घरी येऊन आजीच्या अंगावर ताट भिरकावलं," अविनाशराव हसत म्हणाले. आम्हीही हसलो.

*

घराजवळच्या चौकाला आजोबांचं नाव द्यायचं, तिथे हात वर केलेला त्यांचा पुतळा बसवायचा, असं अविनाशरावांनी मनावर घेतलं होतं. पेपरात बातमी आली आणि ऑफिसात एका गृहस्थांचा फोन आला. काळे सरांनी तो स्पीकरवर टाकला.

"नाव देताय? जरूर द्या. आमची आई त्यांच्या शेजारी लहानाची मोठी झाली. बायकोला मारताना ते आठवणीने खिडक्या लावून घ्यायचे. शेजाऱ्यांची झोपमोड नको! इतके सज्जन हो."

फोन बंद झाला. मला आजीची ती रोजची फुलं आठवली.

हे कळल्यावर अविनाशराव भडकले. "जळतात लोक! आमच्या आत्याला विचारा. आजोबांची सख्खी मुलगी आहे, नव्वदी ओलांडलीय, आजवर वडिलांबद्दल एक वाईट शब्द बोललेली नाही. दुरुस्त फिल्मच्या शोला आणतो तिला. ती हो म्हणाली तरच पुतळा. झालं?"

*

शोला हॉल भरला. आत्या पहिल्या रांगेत, शेजारी मी. वडिलांचा एकही सिनेमा त्यांनी कधी पाहिला नव्हता. अविनाशरावांनी माइक पुढे धरला.

"आत्या, आजोबांबद्दल चार शब्द बोल ना."

"आधी बघू तर दे," आत्या म्हणाल्या.

दिवे गेले. ढगांतून देव आला, थेट आमच्याकडे बघून हसला आणि त्याने उजवा हात वर केला. मागच्या रांगांत कुणीकुणी हात जोडले.

आत्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि त्या खुर्चीतच खाली वाकल्या.