बसले का सगळे?

मामा-मामींचं भांडण जुनं, त्यांची मुलगी मामींच्या कडेवर होती तेव्हाचं. दोन घरांत मिळून एकच भिंत आणि तीही पातळ, म्हणून ते शेजारणीच्या कानावर आलं. ती काही कान देऊन ऐकत नव्हती. हातातलं भांडं घासायचं तेवढं थांबवलं होतं.

"माझा भाऊ आपणहून टॅक्सी देतोय, अर्धी मालकी देतोय, आणि तुमचं आपलं कंपनी माझी, कंपनी माझी," मामी म्हणत होत्या. "कंपनी काय तुमची सासुरवाडी आहे?"

"सासुरवाडीपेक्षा बरी. तिथे मला विचारतात तरी. आणि कंपनी मला कधी सोडायची नाही, लिहून ठेव."

मामींनी लिहून ठेवलं नाही. मनात ठेवलं.

मामा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून घरातली बाई आपोआप मामी झाली. सकाळी स्टॉपस्टॉपवरून माणसं गोळा करायची, संध्याकाळी जिथली तिथे सोडायची. निघण्याआधी मामा आरशात बघून विचारायचे, "बसले का सगळे?" मागून "हो मामा" आल्याशिवाय गिअर पडायचा नाही.

रात्री जेवताना मामी विचारायच्या, "मग, आज काय?" आणि खिडकीच्या जागेवरून कोण रुसलं, कोणाचं कोणाशी जुळतंय, सगळं ताटासमोर यायचं. त्या बसमध्ये मामींनी कधी पाय ठेवला नव्हता, पण ओट्यापाशी उभ्या राहून निकाल त्याच द्यायच्या. "त्या हिशोबवालीला सांगा, एवढ्यात हो म्हणू नकोस."

मामांचे केस पिकले आणि कंपनीने बस बंद केली. साहेबांनी बोलावून चहा दिला, तेव्हाच मामा काय ते समजले.

"तुमच्याबद्दल तक्रार काही नाही, मामा."

"मग उद्या सकाळी लोक स्टॉपवर उभे राहतील, त्यांचं काय?"

"त्यांना मागेच कळवलंय."

म्हणजे बसमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ड्रायव्हर तेवढा राहिला होता.

घरी येऊन मामा मान खाली घालून बसले. आता त्या टॅक्सीचा विषय निघणार, आता निघणार. पण मामींनी नुसतं ताट वाढलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मामा पहाटे उठायचे, दाढी करायचे, कपडे चढवायचे, आणि बूट हातात घेऊन पलंगावर बसून राहायचे. काम मागायला गेले की लोक वय बघून पाणी विचारायचे. मेव्हण्याच्या टॅक्सीवर केव्हाच दुसरा बसला होता. शेवटी नगरपालिकेच्या शववाहिनीवर जागा निघाली. त्या नोकरीसाठी रांग नव्हती.

"करा," मामी म्हणाल्या. "पण तिथलं काही मला सांगायचं नाही. माझ्याने ऐकवणार नाही."

नोकरी गेली तेव्हा घर गरीब झालं होतं. आता ते मुकं झालं. मामा जेवायचे, मामी वाढायच्या, चमचा तेवढा वाजायचा.

पहिल्याच फेरीला गोंधळ झाला. मागे एका आजोबांना ठेवलेलं, दोन्ही बाजूंना घरची माणसं. मामांनी सवयीने आरशात बघितलं आणि तोंडातून निघून गेलं, "बसले का सगळे?"

मामांना वाटलं, ही पण नोकरी गेली. तेवढ्यात आजोबांचा म्हातारा भाऊ म्हणाला, "आम्ही बसलोय. हा झोपलाय. चला." आणि मग तोच हमसून हमसून रडायला लागला.

ही गोष्ट घेऊन मामा घरी आले आणि गिळून बसले. मामी पोट धरून हसल्या असत्या, पण सांगायची बंदी होती. चार दिवस ताटात अर्धं टाकून उठायचे.

"काय झालंय तुम्हाला?" शेवटी मामींनी विचारलं.

"काही नाही."

"तोंड बघा तुमचं. सांगा."

"तूच म्हणालीस ना."

"आता मीच म्हणतेय, सांगा."

मामांनी सांगितलं. मामी इतक्या हसल्या की त्यांना ओट्याला धरावं लागलं. मग हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. "तेव्हाच भावाचं ऐकलं असतंत तर," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं ठेवलेलं बाहेर पडलं. दुसऱ्या रात्री मामींनी हळूच विचारलं, "कोण होतं आज?"

पुढे रोज विचारायच्या. कोणामागे किती रडलं, कोणामागे कोणीच नव्हतं, सगळं ऐकायच्या. कधी जेवायचं विसरायच्या.

मामी गेल्या त्या सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, आज दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या."

"दुसरा कशाला? ड्यूटी माझी आहे."

मामांनी दाढी केली, बूट घातले, गाडी दाराशी लावली. खड्डे चुकवत नेली, गतिरोधकावर हळू घेतली, कोणासाठीही घ्यायचे तशी. संध्याकाळी गाडी आतून-बाहेरून धुतली, मागचं दार ओढून बघितलं. कारकुनाला म्हणाले, "उद्यापासून दुसरा माणूस बघा."

"का हो मामा?"

"डोळ्यांना कमी दिसतंय."

मग चावी खिळ्याला अडकवली, आणि फडका पिळून वाळत घातला.