कोटाच्या मागची सीट

पडदेवाल्या काकूंना कॉलनीत कुणी नावाने हाक मारत नसे, आणि त्यांचंही काही अडत नसे. "नाव बँकेत लागतं. बाकी ज्याच्या घराला खिडकी आहे तो मला ओळखतो," असं त्या म्हणत. खिडक्यांची मापं घ्यायची, मागच्या खोलीत मशीनवर पडदे शिवायचे आणि ते नेऊन स्वतःच्या हातांनी टांगायचे, हा त्यांचा धंदा. नुसते शिवून देणारे पुष्कळ असतात. काकू मात्र भिंतीत भोक पाडून, रॉड बसवून, पडदा दोनदा ओढून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरातून हलत नसत. "घडी घालून दिला तर तो पडदा नाही, नुसतं कापड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

या धंद्यात कापडाचं ओझं काहीच नाही. खरं दुखणं रॉडचं. पितळी घ्या नाहीतर लाकडी, माणसापेक्षा उंच, वाकत नाही, दुमडत नाही, आणि तो घेऊन बसमध्ये चढलं की चढल्यापासून उतरेपर्यंत लोकांची बोलणी. काकूंनी ती सगळी खाल्ली होती. मोठं काम असलं तर टेम्पो करायच्या, एरवी बस आणि स्वतःचा खांदा.

आणि गंमत बघा, यांच्याच दारात हत्ती झुलत होता. काळी, लांबलचक, बॉनेटवर चकचकीत चिन्ह असलेली गाडी. तिला बघून हॉटेलचे वॉचमन न विचारता फाटक उघडत. काकूंचे यजमान एका रंगाच्या कंपनीत मोठे अधिकारी होते तेव्हा ती घेतलेली. घेताना काकूंच्या माहेरच्या घराचा वाटा तिच्यात गेला होता, म्हणून कागदावर गाडी काकूंची. किल्ली मात्र साहेबांची. साहेब म्हणजे तेच यजमान. कॉलनीने त्यांना हे नाव दिलं ते त्या गाडीमुळेच.

पण हत्तीवर बांबू लादायचे नसतात. "सीट खऱ्या कातड्याची आहे, ओरखडा गेला तर?" एवढं साहेब एकदा म्हणाले आणि तो विषय कायमचा मिटला. रॉड सोडा, खुद्द काकूंची जागाही त्या गाडीत ठरलेली होती. साहेब गाडी चालवत. त्यांचा कोट चुरगळू नये म्हणून तो हँगरवर लावून शेजारच्या सीटच्या पाठीला अडकवलेला असे. कोट बसला की ती सीट भरली. साहेबांचे पाय लांब, त्यामुळे त्यांच्यामागे गुडघे ठेवायला जागा नाही. उरली ती कोटाच्या मागची सीट. तिथे काकू बसत, पर्स मांडीवर घेऊन. समोर बघावं तर काळ्या कोटाची पाठ. म्हणून त्या डाव्या खिडकीतून बाहेर बघत. गिऱ्हाइकांकडे जा-ये व्हायची ती बसने, आणि तिथे नजर रस्त्यावर कुठली, हातातल्या रॉडवर आणि लोकांच्या डोक्यांवर.

मग साहेबांना काचबिंदू निघाला. समोरचं दिसे, बाजूचं दिसेनासं झालं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं साफ बंद केलं. आता दुसऱ्या कुणी म्हटलं असतं की विकून टाकू. साहेब म्हणाले, "गाडी राहील." आणि राहिली. रोज सकाळी ते कव्हर काढत, फडक्याने पुसत, आत बसून इंजिन सुरू करत, डोळे मिटून तो आवाज ऐकत, बंद करत आणि पुन्हा कव्हर घालत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. काकू हे मागच्या खोलीच्या खिडकीतून बघत आणि मशीन चालवत. त्यांना राग येत नसे. कीव यायची, आणि त्या किवेचीच पुढे त्यांना चीड आली.

झालं असं, की एक दिवस बसमधून उतरताना मागून धक्का बसला, रॉड वाचवायला गेल्या आणि काकूंच्या मनगटाला मार बसला. हात सुजलेला, रॉड कसाबसा काखेत धरलेला, अशा त्या फाटकातून आत आल्या. साहेब बॉनेट पुसत होते. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "अगं अगं, जरा बाजूने. रॉड लागेल गाडीला."

हात कसा आहे हेही त्यांनी विचारलं. नाही विचारलं असं नाही. पण नंतर विचारलं.

काकूंनी रॉड भिंतीला टेकवला, हाताला बर्फ लावला आणि चहा पिताना सांगितलं, "अहो, मी ही गाडी विकतेय."

साहेब हसले. विनोद संपल्यावर माणूस हसायचं थांबतो तसे मग थांबले.

मनगट बरं झाल्यावर काकू एकट्याच शोरूममध्ये गेल्या. एका नवीनच आलेल्या कंपनीचं ते शोरूम होतं. तिचं नाव कॉलनीत अजून कुणाला धड उच्चारता येत नव्हतं. काकूंच्या एका हातात पर्स होती आणि दुसऱ्या हातात रॉड. दारावरचा माणूस गोंधळला, पण आडवा कसा येणार? विक्रीच्या टेबलावरची मुलगी लगबगीने पुढे आली आणि गाडीतला स्क्रीन किती मोठा, त्यात गाणी किती, गाडी विजेवर किती लांब जाते, हे सांगू लागली.

"पोरी, गाणी राहू दे," काकू म्हणाल्या. "ही पुढची सीट पूर्ण आडवी होते का?"

ती झाली. काकूंनी पर्समधून टेप काढली. पुढच्या काचेच्या खालपासून मागच्या दारापर्यंत माप घेतलं, विश्वास बसेना म्हणून पुन्हा घेतलं, आणि शेवटी रॉडच आत सरकवला. डाव्या बाजूने, पुढच्या आणि मागच्या सीटवरून, तो सरळ आत गेला. मागचं दार खटकन लागलं. ते दार लागल्याचा आवाज काकूंना इतका आवडला, की त्यांनी ते उघडून पुन्हा लावलं. साहेबांना इंजिनाच्या आवाजात काय मिळत असेल, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"घेतली," त्या म्हणाल्या. रंग कोणता हवा, हे मुलीने विचारल्यावर त्यांच्या लक्षात आलं की रंगाचा विचारच केला नव्हता.

मग घरात जे व्हायचं ते झालं. साहेबांचे धाकटे भाऊ त्याच चिन्हाची गाडी घेऊन दारात हजर. आले ते सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, चार लोकांत दादाचं नाक कापलं जाईल."

"भाऊजी, दादांचं नाक बॉनेटवर बसवलेलं आहे का? मग विकायच्या आधी काढून ठेवते."

"अहो पण ती कंपनी उद्या राहील की नाही कुणाला ठाऊक! नव्याचे नऊ दिवस असतात."

"असू देत. जुन्याचे मी इतके काढले, त्यात माझा एक रॉड नाही मावला."

दूरच्या शहरातल्या मुलाने फोनवर समजूत काढायचा प्रयत्न केला. "आई, बाबांचा जीव आहे गं त्या गाडीत. ठेव ना. तुझ्यासाठी टेम्पो लावून देतो." काकूंनी शांतपणे विचारलं, "आणि माझा जीव कशात आहे ते माहीत आहे का तुला?" मुलाला खरंच माहीत नव्हतं, आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं.

काकूंना पक्कं कळून चुकलं होतं, की या वेळी मागे हटलं तर खांदा मोडेपर्यंत रॉड वाहायचा आणि दारातल्या हत्तीला वळसा घालून घरात यायचं. प्रश्न गाडीचा नव्हताच. आपल्या कामाला या घरात जागा आहे की नाही, एवढाच होता. त्यांनी सही केली. काळी गाडी गेली त्या दिवशी साहेब खाली उतरले, आतून फक्त कोटाचा हँगर काढून घेतला आणि म्हणाले, "त्या डब्यात मी पाय ठेवणार नाही."

"नका ठेवू," काकू म्हणाल्या. वाईट त्यांनाही वाटलं. माणसाची हौस अशी दारातून निघून जाताना बघणं सोपं नसतं. पण वाईट वाटतं म्हणून निर्णय फिरवायचा, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं आणि त्याचा आता कंटाळा आला होता.

काकूंना गाडी चालवता येत होती. तरुणपणी काढलेलं लायसन्स त्या नेमाने नवं करून घेत. आता ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना शेजारी बसवून हात मोकळा करून घेतला, आणि पहिल्यांदा एकट्या निघाल्या त्या थोरल्या बहिणीकडे. आणि रस्ता चुकल्या! सख्ख्या बहिणीचं घर, शेकडो वेळा गेलेल्या, तरी चुकल्या. त्यांना तो रस्ता माहीत होता तो डाव्या खिडकीतला. आधी हिरवं फाटक, मग घड्याळाचं दुकान, मग भिंतीवर बसलेलं मांजर, की आलं ताईचं घर. समोरून तो रस्ता कसा दिसतो, चौक कुठे येतो, पाटी कुठे आहे, ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. तिथे कोट होता. घड्याळाचं दुकान दिसेपर्यंत वळण मागे गेलेलं. काकूंनी गाडी कडेला घेतली आणि एकट्याच मोठ्याने म्हणाल्या, "वा गं वा! अख्खं शहर अर्धंच बघितलंस की तू!" डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं. ते पुसून त्या पुढून वळून आल्या. तेव्हापासून गावातला रस्ता न् रस्ता त्यांनी समोरून पाठ करायला घेतला.

एका उंच इमारतीच्या वॉचमनने त्यांना अडवलं. पूर्वी हाच काळ्या गाडीला सलाम ठोकायचा. "सामानाची गाडी मागच्या फाटकाने," तो म्हणाला. "बरोबर बोललास बाबा, सामानाचीच आहे," म्हणत काकू मागे गेल्या. सामानाची लिफ्ट तिथेच होती आणि तिच्यात रॉड उभा मावत होता. सलाम काय, तो खिडकीला टांगता येत नाही.

काम वाढलं. सगळ्यात मोठं आलं ते साहेबांच्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडून. त्यांच्या नव्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीला मिट्ट काळोख करणारे जाड पडदे हवे होते. टांगायचा दिवस ठरला तो नेमका साहेबांच्या तपासणीचा. पडदे लागल्याशिवाय त्या खोलीत कुणाचेही डोळे तपासता येणार नव्हते, साहेबांचेसुद्धा. तरी साहेब म्हणाले, "मी भावाबरोबर येईन. त्याच्या गाडीतून."

त्या सकाळी काकूंनी सामान भरलं. डाव्या बाजूला पुढून मागपर्यंत रॉडची मोळी, तिच्यावर पडद्यांच्या घड्या, पायाशी ड्रिल. साहेब कोट घालून, केस विंचरून फाटकाशी उभे होते. भाऊ येईना. मग फोन आला, की अचानक मीटिंग निघाली आहे, दादा, टॅक्सी कर ना. टॅक्सी सापडेना. काकूंनी काच खाली केली आणि वाट बघितली. या म्हणाल्या नाहीत, येऊ नका असंही म्हणाल्या नाहीत.

साहेब शेवटी गाडीपाशी आले. हाताने चाचपत त्यांनी पुढचं डावं दार उघडलं आणि रॉडच्या मोळीकडे बघत राहिले.

"हे काढ ना. मागे टाक."

"मागे मावत नाहीत. पुढून मागपर्यंत लागतात."

"मग टेम्पोने पाठव. मला बसायचंय."

काकूंच्या हाताला ऐकायची सवय होती. तो सीटचा पट्टा सोडायला निघालासुद्धा. अर्ध्यात त्यांनी तो परत स्टिअरिंगवर ठेवला.

"नाही काढणार," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण कापतही नव्हता. "माझ्या मागची सीट रिकामी आहे. यायचं तर तिथे बसा."

"मी? मागे?"

"मी बसले. काही झालं नाही."

साहेबांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. टॅक्सी नव्हती. कॉलनीतली दोन माणसं मात्र होती, आणि ती थांबून बघत होती. साहेबांनी पुढचं दार लावलं, गाडीला वळसा घातला आणि मागचं दार उघडून आत बसले. त्यांचे लांब गुडघे काकूंच्या सीटला टेकले. त्यांनी कोट काढला.

"हा कुठे ठेवू?"

"मांडीवर घ्या."

गाडी निघाली. आवाज अजिबात झाला नाही, म्हणून ती निघाली हे साहेबांना फाटक मागे गेल्यावर कळलं. पहिला चौक गेला, दुसरा गेला. कोटाची घडी दोन्ही हातांनी धरून साहेब मान इकडे-तिकडे करत होते.

"अगं," ते शेवटी म्हणाले, "इथून पुढचं काही म्हणजे काहीच दिसत नाही. नुसती तुझी पाठ दिसते."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी दवाखान्याचं वळण बरोबर घेतलं.