दोनदा मेलेली सासू

"पहिले कागद दखाड, मंग रड."

सुरतच्या फॅमिली कोर्टाबाहेर माझं टाइपिंगचं टेबल आहे. तिथल्या बाकावर कुणी नवी बाई डोळ्यांना पदर लावून बसली, की तारखेला येणारी आमच्या खानदेशातली एक बाई तिच्याजवळ सरकायची आणि आपल्या अहिराणीत हेच म्हणायची. मग कागद बघून समजावायची, "ही नोटीस आहे, शिक्षा नाही. पुढच्या तारखेला उत्तर द्यायचं." अर्धे वकील एवढं सोपं सांगत नाहीत. माझी चार गिऱ्हाइकंही तिने पळवली, पण बोलणार कुणाला!

तुम्हीही अशी एखादी पाहिली असेल, स्वतःचं निस्तरलेलं नसताना दुसऱ्याचं निस्तरायला धावणारी. तिची स्वतःची केस मुलीच्या ताब्याची. सहा वर्षांची पोर नवऱ्याकडे होती. ही भेस्तानच्या एका कारखान्यात साड्यांच्या घडी-पॅकिंगला जायची. पोरीला मी सांभाळू शकते, हे कोर्टाला दाखवायला तिच्याकडे ती नोकरी तेवढी होती.

पण तारखेसाठी सुट्टी मागायची कशी? आम्हा खानदेशातल्या लोकांना सुट्टीचं एकच हुकमी कारण ठाऊक, मयत. तिने दोनदा सासू मारली. ती सासू मात्र दर तारखेला मुलाशेजारी ठणठणीत बसून शेंगा फोडायची.

कोर्टाचं कळलं तसं शेठने तिला काढून टाकलं. "केसवाली बाई नको, बाकीच्या बिघडतील." त्याच खात्यातला एक माणूस भावाविरुद्ध जमिनीची केस लढत होता, त्याला मात्र खुशाल सुट्टी. तिने नेमकं तेच पकडलं. "भाऊ, लिहा. त्याची केस चालते, मग माझी का नाही? मी बाई म्हणून?" मी लेबर ऑफिसचा अर्ज टाइप केला. खरं सांगतो, काही होईल असं मला वाटलं नव्हतं.

लेबर ऑफिसातल्या सुनावणीला मी सोबत गेलो. शेठने सुट्टीचं रजिस्टर पुढे टाकलं. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बेन, सासू बे वार मरी? दोनदा?" सगळे हसले. मी मान खाली घातली. संपलं म्हटलं.

ती उठली. "खोटं बोलले, साहेब. खरं सांगितलं तर काढतील म्हणून. आणि बघा, खरं कळलं त्याच दिवशी काढलं."

हसू थांबलं. साहेब शेठकडे वळले. "त्या भाईला का नाही काढलं?" शेठ खिशात रुमाल शोधायला लागला.

तिला कामावर परत घेतलं. शेठच्याच सहीचा नोकरीचा दाखला कोर्टात लागला, आणि पोर आईकडे द्यायचा हुकूम झाला. त्या दिवशी मी तोंड फिरवून रडलो, लपवत नाही.

आता ती येत नाही. तारीखच उरली नाही, येईल कशाला? शेवटची आली ती जूनमध्ये, पोरीचं बोट धरून.

"भाऊ, सुट्टीचा अर्ज टाइप करा."

"अगं बाई, हा साध्या कागदावर चालतो."

"नाही, टाइपच करा. कारण मोठ्या अक्षरात."

मी टाइप केलं, मुलीला शाळेत सोडायचं आहे.