कचेरीच्या दारात

कुसगावच्या ज्या हॉटेलात मी कामाला होतो, तिथं दोघांचं भांडण सोडवायला मी मध्ये पडलो आणि तक्रारीत माझंही नाव आलं. नोटिशीवर ‘कार्यकारी दंडाधिकारी’ असं लिहिलेलं. सातवीत शाळा सोडलेल्या मला त्यातला ‘दंड’ तेवढा कळला. नोकरी गेली, तर हिंगोलीला घरी काय तोंड दाखवणार?

नोटिशीतल्या तारखेला वडगावला उतरल्यावर एका म्हाताऱ्या आबांना नोटीस दाखवली. पांढरा सदरा, खिशाला पेन, काखेत कागदांची पिशवी. ओळीवर बोट ठेवून त्यांनी सगळं वाचलं.

“हात्तिच्या, कचेरी व्हय! लय मोठं नाव लिवलंय. चल, मला बी तितंच जायचंय.”

कचेरी म्हटल्यावर जरा धीर आला. हा शब्द आमच्याकडेही आहे. तरी दारात पोचताच मी चपला काढल्या.

आबा हसले. “आरं, देऊळ हाय का हे? घाल.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “कचेरी म्हनलं की माजा बाप चपला हातात घ्यायचा, उनात हुबा ऱ्हायचा. आमी त्यो शब्द ठिवला, भ्या न्हाई ठिवलं. देवळात मागायचं. हितं घडलं ते सांगायचं.”

चपला घालून साहेबांपुढे गेलो आणि घडलं तसं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि मला मोकळं केलं.

बाहेर आबा आपलं काम सोडून थांबले होते. सुटलो की अडकलो, हे त्यांनी विचारलंच नाही.

“बोललास का?” एवढंच म्हणाले.