दोन्ही चाकं सारखी

दुपारचे तीन वाजलेत. पद्मा चौगुले फिरत्या घरातल्या फळीवर जरा आडवी होते. झोपायला म्हणून ती आलेलीच नाही. पाच वाजता इचलकरंजीचे मगदूम गाडी बघायला यायचेत, त्यांना आइस्क्रीमची गाडी करायचीय. त्याआधी कपाटं पुसून घ्यावीत म्हणून ती आत आली. पुसून झालं, पाठ टेकली, इतकंच. पत्रा तापलाय. खिडकीतून आलेलं ऊन तिच्या पायावर पडलंय आणि पाय हळूहळू आपला नसल्यासारखा जड होतोय.

फिरतं घर म्हणजे दोन चाकांवरचा पत्र्याचा डबा, जीपच्या मागे जोडून न्यायचा. आत दोन फळ्या, एक शेगडी, पाण्याची टाकी. पद्माने आणि तिच्या नणंदेने, त्रिशलावन्संनी, तो चार वर्षं खपून उभा केला. वन्संनी लग्न केलं नाही. आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गाला शिकवण्यात जन्म गेला. पद्माचे मालक वारल्यावर जयसिंगपूरच्या घरात या दोघीच उरल्या, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी वन्सं चहा ओतता ओतता म्हणाल्या, "पद्मा, घराला सगळं आहे गं, फक्त चाकं नाहीत."

डब्याला विजेचे ब्रेक बसवले ते वन्संनीच. जीपमध्ये ब्रेक दाबला की तारेतून वीज मागे जाते, चाकातलं लोहचुंबक ड्रमला चिकटतं आणि डबा आपला आपण आवरतो. फक्त दोन्ही चाकं सारखी लावायची, म्हणजे दोन्हीकडचा ब्रेक सारखाच धरेल असं करायचं राहिलं, आणि वन्संनी अंथरूण धरलं. त्यांना जाऊन वर्ष झालं. मागच्या महिन्यात पद्माने एकटीने डबा जोडून शिरोळच्या रस्त्याला काढला होता. म्हैस आडवी आली, तिने ब्रेक दाबला, तर डब्याने डावीकडे असा हिसका दिला की जीपसकट ती चरीच्या काठावर जाऊन थांबली. म्हैस शांतपणे निघून गेली. त्याच संध्याकाळी पद्माने डबा विकायचाय म्हणून मगदूमांना निरोप धाडला.

आता खालून आवाज येतोय. टक्. टक्. लोखंडावर लोखंड.

"कोण आहे?"

"कोण असणार! तो चपट्या तोंडाचा डिसमिस दे."

पद्मा उठते. दाराबाहेर पायरी आहे, पण पायरीखाली अंगण नाही. आयटीआयचा वर्ग आहे. फळ्यावर खडूने चाक काढलंय, बाकांवर कुणी नाही, आणि मधोमध डबा जॅकवर एका बाजूने उचललेला आहे. खाली सतरंजीवर वन्सं उताण्या झोपल्यात. निळा कोट, कोटाखाली नऊवारी. वन्संनी उभ्या आयुष्यात नऊवारी नेसली नव्हती, पण पद्माला त्याचं काही वाटत नाही.

"वन्सं, तुम्ही जेवलात?"

"जेवण होईल. डावं चाक फिरव. पुढे. पुढे गं, गाडी कुठल्या दिशेला जाते?"

पद्मा दोन्ही हातांनी चाक फिरवते. नवी नवरी होऊन ती या घरात आली त्याच आठवड्यात फ्यूज उडाला होता. वन्संनी तिलाच स्टुलावर चढवलं होतं आणि स्वतः खाली बॅटरी धरून उभ्या होत्या. "मेन बंद आहे, भिऊ नको," त्या म्हणाल्या होत्या. त्या घरात पद्माला 'भिऊ नको' असं म्हणणारं पहिलं माणूस तेच.

"या खाचेतून आत ब्रेक आवळायची दातेरी चक्री आहे. मी एकेक दाता पुढे ढकलते. चाक जड झालं की सांग."

"झालं. हलतच नाहीये."

"आता मागे घेते. मोज."

पद्मा मोजते. एक, दोन, तीन. पाचाला वर्गातला पंखा थांबतो. आठाला वन्सं म्हणतात, "फिरव आणि ऐक."

चाक फिरतं. आतून हलकासा आवाज येतो.

"कसा येतोय?"

"पोळपाटावरचं पीठ हाताने पुसल्यासारखा."

"मग झालं. घट्ट नको आणि पार मोकळंही नको. नुसतं लागून असावं."

चाक फिरतच राहतं. त्याच्या पलीकडे लोखंडी खाट आहे, सलाइनची बाटली टांगलेली आहे, भिंतीवर हिरवा ऑइलपेंट. दवाखाना. वन्सं खाटेवर बसून फडक्याने हात पुसतायत.

"इथं मी तुला विचारलं होतं," त्या म्हणतात. "चाकं सारखी केलीस का?"

"मी हो म्हणाले."

"म्हणालीस."

"खोटं बोलले, वन्सं. मी डब्याकडे फिरकलेही नव्हते. तुमच्याशिवाय त्याला हात लावायचा जीव होत नव्हता."

"माहीत होतं मला."

"कसं?"

"तुझी नखं स्वच्छ होती."

पद्माला हसू येतं आणि त्याबरोबरच रडूही. "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू कशाला हो म्हणालीस? मला बरं वाटावं म्हणूनच ना?"

"हो."

"मग वाटलं की बरं." वन्सं फडकं घडी करून उशाला ठेवतात. "चल. रस्त्यावर घेतल्याशिवाय ब्रेक कळत नाही."

आंबा घाट आहे. पद्मा जीप चालवतेय, वन्सं शेजारी स्टीलच्या पेल्यातून चहा पितायत आणि चहा सांडत नाही. मागे डबा. वळणावळणावर आयटीआयची पोरं सायकली घेऊन उभी आहेत, सगळी आता पन्नाशीची झालेली, आणि बाईंना नमस्कार करतायत.

"पायाने नको. हातापाशी ती कळ आहे ना, ती दाब, नुसता डब्याचा ब्रेक लागेल. सावकाश. काय वाटतं?"

"मागून कुणीतरी पदर धरल्यासारखं."

"हिसका?"

"नाही. पण थोडं डावीकडे जातंय, वन्सं."

"जाणारच. एकच चाक लावलंय."

खाली दऱ्यांच्या तोंडाशी समुद्र दिसतो. आंबा घाटातून इतका जवळ समुद्र दिसत नाही, हे पद्माला ठाऊक आहे. दोघींनी ठरवलं होतं, पहिला चहा वाळूवर करायचा, साखर जरा जास्तच घालून.

"हे विकू का मी?"

"वीक की. तुझंच आहे."

"असं नका बोलू."

"मग कसं बोलू?" वन्सं पेला खिडकीबाहेर उपडा करून झटकतात, घरी मोरीत झटकायच्या तसाच. "विकायचं तर वीक, पण भीतीपोटी विकू नको. थांबव इथं, मी उतरते."

"इथं? इथं काय आहे?"

"तू थांबव तर."

पद्मा कळ दाबते. डबा थांबतो, जीप थांबते. वन्सं उतरतात, काचेतून हात आत घालतात, पद्माची मूठ उघडतात आणि पुन्हा मिटवतात. त्यांचा हात पूर्वीसारखाच खरखरीत आहे.

"उजवं तू कर," त्या म्हणतात.

पायावरचं ऊन फळीवरून खाली उतरलंय. पद्मा उठून बसते. तोंडाला कोरड पडलीय. बाहेर कुणाच्या तरी अंगणात कुकरची शिट्टी होते. ती तोंड पुसायला हात वर नेते, तर उजवी मूठ घट्ट मिटलेली. आत काळ्या रबराचा तुकडा आहे, अंगठ्याएवढा लांबट, कडेला बारीक ओठ असलेला. तिला तो ओळखू येत नाही.

ती डब्याबाहेर येते, पदर खोचते आणि वर्षभरात पहिल्यांदा डब्याखाली वाकते. डाव्या चाकाच्या मागच्या पत्र्यात एक लांबट खाच उघडी आहे. उजवीकडच्या खाचेत तसंच रबरी बूच नीट बसलेलं आहे. हातातला तुकडा डावीकडच्या खाचेत नेमका बसतो.

कमरेचा फोन वाजतो. मगदूम आहेत.

"ताई, निघालोच आम्ही."

"येऊ नका," पद्मा म्हणते. "त्रास दिला, माफ करा."

"दुसऱ्या कुणाला दिलीत का?"

"नाही हो. एक चाक लावायचं राहिलंय."

ती आतून सतरंजी आणते, उजव्या बाजूला पसरते आणि जॅक घ्यायला जाते.