जुन्या कॅलेंडरच्या पाठीवरच्या चार ओळी

मंडळी, आज जे झालं ते लिहूनच टाकते.

सेनगावजवळच्या एका गोदामात मी वजनकाट्याचा कॉम्प्युटर सांभाळते. सकाळी लिंकच्या फाइलमधली एक ओळ चुकीची वाटली, ती बदलून सेव्ह केली आणि काट्याचं ऑफिसशी कनेक्शनच तुटलं. जुनी कॉपी ठेवली नव्हती. वजन ऑफिसात पोचल्याशिवाय ट्रॉली आत घेत नाहीत.

बाहेर सोयाबीनच्या उघड्या ट्रॉल्यांची रांग, वर काळं आभाळ. एक काका खिडकीतून सारखे म्हणत होते, "मॅडम, पाणी येऊन राहिलं! कधी व्हईल?" मी काहीबाही टाकून बघत होते, दरवेळी तीच एरर.

शेवटी आधीच्या ऑपरेटरना फोन लावला. "घाबरता काहून? नव्या कॅलेंडरच्या खाली जुनं टांगलेलं हाय का बघा. त्याच्या पाठीवर समदं लिहून ठेवलंय."

होतं! पेन्सिलीनं लिहिलेल्या चार ओळी टाकल्या, लिंक चालू झाली. तरी शेवटच्या दोन ट्रॉल्या भिजल्याच. त्यातली एक त्या काकांची.

मागच्या महिन्यात तेच कॅलेंडर मी रद्दीत काढलं होतं. देवाचा फोटो आहे म्हणून झाडणाऱ्या मावशींनी परत टांगलं. तेव्हा मी त्यांना हसले होते.

तुम्ही हसलाय का असं कुणाला?